गिरणीतली हजेरी

आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. एका साखर कारखान्याच्या ऑफिसनं तो जुना झाला म्हणून काढून टाकला होता. गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आला. खाली मातीच्या हौद्यात लढत असलेले चार पैलवान अंगावरची माती झटकून तो उचलायला आले. दोनशे जोर सहज मारणारी ही माणसं, पण ते खोकं जिन्यावरून वर नेताना श्वास रोखून एकेक पायरी चढत होती.

शाळा सुटल्यावर त्या माडीवर पेठेतल्या पोरांचा अभ्यासवर्ग भरायचा. पाच ते सात. मी तिथला मास्तर. दिवसा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचो, आणि कॉम्प्युटरचं माझं ज्ञान महिन्याभराच्या कोर्सपुरतं होतं. पोरांना वाटायचं मास्तरांना सगळं येतं. मी तसं वाटू दिलं.

यंत्र एक आणि पोरं तीस. प्रत्येकाच्या वाट्याला ते रोज थोडं तरी यावं म्हणून मी एक रीत पाडली. आल्यावर हात धुवायचे, कॉम्प्युटरपाशी जायचं आणि इंग्रजी अक्षरांत आपलं नाव लिहून पुढं 'हजर' लिहायचं. तीच हजेरी. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की पोरं आधी पडद्याकडं आणि मग स्वतःच्या बोटांकडं बघायची. मीही बघायचो. टाइपरायटरवर अक्षर उमटतं ते ठोक्यानं. बोटं दुखतात, कागदाला मागून खड्डा पडतो. इथं बोट नुसतं टेकवलं की उजेडाचं अक्षर तयार, आणि पुसलं तर खूणसुद्धा उरत नाही. पहिले कितीतरी दिवस मला ते खरं वाटत नव्हतं.

वर्गात सातवीतली एक मुलगी होती. तालमीमागच्या बोळात तिच्या वडिलांची पिठाची गिरण. हात कितीही धुतले तरी तिच्या भुवयांवर, कोपरांवर पीठ असायचंच. पोरं तिला 'भाकरी' म्हणायची. ती फणकाऱ्यानं म्हणायची, "व्हय, मी भाकरी आणि तू वांग्याचं कोरड्यास. बस आता चुलीवर."

त्या वर्षी खंडेनवमीला तालमीत गदा, मुद्गल, डंबेल्स सगळं पूजेला मांडलं. पैलवानांचे वस्ताद मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या मशीनची बी पूजा करा की. त्ये बी हत्यारच हाय."

पडद्यावर कुंकवाचं एक बोट ओढलं असतं तर भागलं असतं. पण माझी भक्ती उतू गेली. कीबोर्डच्या एकेका बटणावर मी ओल्या बोटानं हळदी-कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी दसरा. दोन दिवस यंत्राला कुणी हात लावला नाही.

वर्ग पुन्हा भरला तेव्हा सात-आठ बटणं चालेनात. वस्ताद वर आले, तालीम मंडळाची दोन-तीन माणसं आली. "कुणी वाट लावली?" वस्तादांचा आवाज खालपर्यंत गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी म्हणालो, "गिरणीवाल्यांच्या मुलीच्या हाताला पीठ असतं. तेच आत गेलं असणार."

"मग बसू दे तिला घरी," वस्ताद म्हणाले.

मुलगी समोरच उभी होती. तिनं आपले तळहात उलटसुलट करून बघितले. जणू तिलाही वाटलं असावं की असेल, आपलंच पीठ असेल. मग पाटी-दप्तर उचलून ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कीबोर्ड उघडला. आत कुंकवाच्या लाल गाठी होत्या. हळद होती, दोन तांदूळ होते. पिठाचा कण नव्हता. स्पिरिट आणि कापूस घेऊन मी एकेक बटण साफ केलं. यंत्र चालू झालं, मंडळाच्या लोकांनी माझी पाठ थोपटली, आणि मी गप्प राहिलो. एक आठवडा गप्प राहिलो की दुसरा आठवडा सोपा जातो, हे मी तेव्हा शिकलो.

दीड-एक महिन्यानं आई आजारी पडली, म्हणून जोंधळ्याचा डबा घेऊन मला गिरणीत जावं लागलं. बोळातली गिरण टाळून मी लांबच्या गिरणीत गेलो होतो, पण तिथली वीज गेलेली, म्हणून बोळातच यावं लागलं. पाच वाजले होते, माडीवर वर्ग भरायची वेळ झाली होती आणि मला उशीर होत होता. गिरण धडधडत होती, बायका डबे घेऊन रांगेत होत्या. कोपऱ्यात फळीवर साडीच्या खोक्याचं झाकण ठेवून ती मुलगी बसली होती. झाकणावर कधीतरी पेनानं चौकोन आखले असावेत. आता त्यावर पिठाचा एवढा थर होता की एकही अक्षर दिसत नव्हतं. त्या पांढऱ्या थरावर तिची दहाही बोटं चालत होती. बघत होती ती रांगेतल्या बायकांकडं.

मी टायपिंगचा मास्तर. बोटं कुठं पडतात त्यावरून मला वाचता येतं. मी तिचं नाव वाचलं. मग एच, ए, जे, ए, आर. करंगळी, अनामिका, सगळी आपापल्या जागी. इन्स्टिट्यूटमधल्या वर्षभर शिकणाऱ्या मुलांची बोटं मी पट्टीनं सरळ केली होती. हिला मी जागा एकदाच दाखवल्या होत्या. नसलेल्या बटणांवर, नसलेल्या पडद्यासमोर ती रोज हजर होती. हातातला डबा मी तसाच खाली ठेवला.

तडक तालमीत गेलो आणि वस्तादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुकू तुमचं आणि बोल पोरीला? आणि मास्तर, ह्ये मला हितं येऊन कशाला सांगताय? जावा गिरणीत."

परत गेलो. तिच्या वडिलांना म्हणालो, "मला काही सांगायचंय."

"काय म्हणतासा? ऐकू येईना," ते ओरडले.

मी ओरडून पुन्हा सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी खटका ओढून गिरणच बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. त्या शांततेत, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर मी सांगितलं की पीठ नव्हतं, कुंकू होतं, मीच लावलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मला ते कळलं होतं.

"दुसऱ्याच दिवशी?" डब्यात पीठ भरणारी तिची आई म्हणाली. "आणि आज येताय व्हय मास्तर? माझी लेक दीड महिना जेवायला बसताना चारचारदा हात धुतीया."

मुलगी म्हणाली, "अप्पा, उद्या जाऊ?"

वडिलांनी मान हलवली आणि गिरण चालू केली. माझा डबा त्यांनी शेवटी दळला. ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर सगळं पुन्हा सांगितलं. वस्ताद आणि दोन पैलवान जिन्यात उभे राहून ऐकत होते. मग ती यंत्रासमोर बसली. मी तिच्याच इंग्रजीच्या पुस्तकातला एक धडा उघडून शेजारी ठेवला. तिची नजर पुस्तकावर गेली आणि बोटं सुटली. खऱ्या बटणांचा आवाज ऐकून ती पहिल्यांदा जरा दचकली, मग हसली, मग तिचं कुठंच लक्ष राहिलं नाही. यंत्र जुनं होतं. तिच्या बोटांमागून पडद्यावरची अक्षरं धापा टाकत यायला लागली, मध्येच अडून टूं टूं करायला लागली.

"मशीनला दम लागला की वो मास्तर," वस्ताद हळूच म्हणाले.

पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. ओळ संपली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पडद्यावर अक्षरं अजून येतच होती.