पाचवं शील

झरीच्या विहारात वंदना घ्यायला धम्मशीलाच लागायची. ती एकेक शील म्हणायची आणि बसलेले सगळे तिच्यामागून म्हणायचे. वय सोळा, पण धाक हेडमास्तरांचा. पोरांनी साधी मुंगी चिरडली तरी तिच्यापुढे उभं राहावं लागे. आई सुलाबाईने पाच शीलं तिच्या कानावर पाळण्यातच घातली होती आणि पोरीने ती फारच मनावर घेतली होती.

पाचवं शील मात्र तिच्याच घरात रोज मोडायचं. बाप पंडित दारू प्यायचा. तिला त्याची भयंकर लाज वाटायची.

आश्विन पौर्णिमेला पंडित पांढरे कपडे घालून विहारात आला, मागच्या रांगेत बसला. चार शीलं झाली. पाचव्याला धम्मशीला थांबली.

"जे पाळत न्हाईत, त्यांनी म्हणू नये."

साऱ्या माना मागे वळल्या. पंडित उठला, दारातल्या चपला हातातच घेतल्या आणि निघून गेला. आपण बरोबर केलं, असं तिला वाटलं.

घरी सुलाबाई चुलीपुढे रडत होती. "नऊ दिस झाले, थेंब घेतला न्हाई त्यानं. तुझ्या तोंडून शील घ्यायला आला होता, बाई."

माफी मागायची होती. पण सोळाव्या वर्षी मान लवकर वाकत नाही. उद्या-परवा करता करता ऊसतोडीची टोळी निघाली आणि बाप ट्रॅक्टरवर बसून गेला. फोनवर ती नुसतं "जेवला का, आबा?" एवढंच विचारायची.

माघात, उसाच्या फडातच छातीत कळ येऊन पंडित गेला.

पुण्यानुमोदनाला दारात मंडप पडला. टोळीचा मुकादम लिंबाजी तिच्याजवळ आला.

"पोरी, तिकडं लय जण प्यायचे. तुझ्या बापानं शिवलं न्हाई. रोज सकाळी पाचटाच्या कोपीपुढं हात जोडायचा, पण चारच शीलं म्हणायचा. पाचवं माझी धमी देईल, म्हणायचा."

वंदना तिलाच घ्यायची होती. चार शीलं कशीबशी झाली. पाचव्याला ती थांबली, सगळे थांबले. मग बापाच्या फोटोकडे बघत तिने ते एकेक शब्द सुटा करून म्हटलं, लहान लेकराला शिकवावं तसं. मागून सगळ्यांनी म्हटलं.

वंदना संपली. माणसं उठली. धम्मशीला मात्र फोटोपुढून हलेना.

"थांब ना आई," ती म्हणत होती, "आबांचं म्हणायचं राहिलंय."