कूलरसमोरचा पाहुणा

साप घरात कोंडणाऱ्या माणसांबद्दल मला काय वाटतं, ते मी चार पानी पत्रकात छापून आर्वीपासून हिंगणघाटपर्यंतच्या शाळांमध्ये वाटलेलं आहे. मथळा होता, 'साप शोभेची वस्तू नाही'. मथळ्याखाली, त्यापेक्षा थोड्या लहान अक्षरात, 'डबीत कोंडलेलं आयुष्य तुम्ही जगाल का?' त्यामुळे गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ पुण्याहून आला आणि त्याच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीतून अजगराचं पिल्लू निघालं, तेव्हा त्याला पाणीसुद्धा न विचारता मी बोलायला सुरुवात केली. आईनेच मधे तांब्या आणून ठेवला.

"अगं, आपल्याकडचा नाहीये तो," दादा पाणी पिता पिता म्हणाला. "आफ्रिकेतला आहे. रीतसर घेतलाय, कागद आहेत."

"कागद असले की कोंडणं चांगलं होतं का?"

"मला कंपनी जर्मनीला पाठवतेय. तुझ्याइतकं सापांचं कोणाला कळतं सांग. तुझ्या नावावर करून देतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ज्या दुकानातून आणला तिथे परत. ते विकतील पुन्हा कोणाला तरी."

बदमाश माणूस. कुठे बोट ठेवायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. आमच्या भागात लोकांच्या घरात निघालेले धामण, नाग आम्ही सर्पमित्र पकडतो आणि वनखात्याला कळवून लगेच रानात सोडतो. आपला साप पाळणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण याला सोडणार कुठे? वर्ध्याच्या रानाशी त्याचं काही नातं नव्हतं. एकतर माझं घर, नाहीतर पुण्यातल्या दुकानाची काच, त्यावर किमतीची चिठ्ठी.

"प्रवासाने बिथरलाय, खात नाहीये," दादा जाताना म्हणाला. "लहान आहे, जास्त दिवस उपाशी राहणं बरं नाही. मी निघेपर्यंत खायला लागला तर ठीक. नाहीतर सांग, दुकानवाला बघेल."

म्हणजे मुदत ठरली. दादाचं विमान उडायच्या आत या कोवळ्या, तपकिरी ठिपक्यांच्या, हातभर लांबीच्या प्राण्याने माझ्या घरी जेवायला हवं होतं.

तोवर त्याला ठेवायचं कशात? माझं मत तयार होतं. कोंडायचंच असेल तर निदान ऐसपैस कोंडा. पत्रकात डबीचा निषेध करायचा आणि घरात डबी आणायची, हे मला जमणार नव्हतं. बाबा जिल्हा परिषदेत कारकून आहेत. हिंगणघाटच्या त्यांच्या एका ओळखीच्याने मासे पाळणं सोडलं होतं, त्याची चार फुटी काचेची टाकी रिकामी पडली होती. बाबांनी ती टेम्पोत घालून आणली. मी वर जाळीचं झाकण बसवून घेतलं, खाली कागद अंथरला, पाण्याचं भांडं ठेवलं आणि मधोमध एक छानशी वाळकी फांदी उभी केली. चारी बाजूंनी लख्ख दिसत होतं. मला फार अभिमान वाटला.

टाकी घरात कुठे ठेवायची, यावर चर्चासुद्धा झाली नाही. आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्याची जागा एकच असते, कूलरसमोर. जावई येवो, मुलगी पाहायला मंडळी येवोत, विम्याचा माणूस येवो, त्याला कूलरच्या तोंडाशी बसवायचं आणि घरच्यांनी कोपऱ्यात उरलेल्या हवेत बसायचं. पाहुण्याचे केस उडत नसतील तर यजमानाला चैन पडत नाही. बाबांनी आपला दिवाण स्वतः ओढून बाजूला केला आणि तिथे टाकी मांडली.

"पाहुणा हाय ना थो," ते म्हणाले. "पहिल्यांदा वर्ध्याचा उन्हाळा पाहून राह्यला बिचारा." आणि त्यांनी कूलरची पट्टी टाकीकडे वळवली. पंपही सुरू केला, म्हणजे हवा चांगली गारेगार, ओलसर लागेल.

पाहुणा टाकीच्या कोपऱ्यात गेला, स्वतःचा चेंडू केला, डोकं आत खुपसलं आणि तसाच राहिला.

जेवणाची सोय मी नागपूरहून केली होती. गोठवलेले छोटे उंदीर, आइसक्रीमच्या डब्यात, त्यावर चिकटपट्टी, आणि डबा फ्रीजरमध्ये अगदी मागे. आईने यावर एकच अट घातली होती, की तिला तो डबा कधी दिसू नये. तो बाबांना दिसला. दुपारी ऑफिसातून आल्यावर त्यांनी चमचा घेऊनच तो उघडला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी आइसक्रीम नको म्हटलं.

मी उंदीर कोमट करून चिमट्याने पाहुण्यापुढे धरला. त्याने डोकं आणखी आत घेतलं. आठवड्याने पुन्हा धरला. पुन्हा तेच. हात लावला तर अंग थंडगार लागायचं, आणि पाठीवर हलकेच मणक्याची रेघ दिसायला लागली होती.

शेजारच्या काकू हळदकुंकू आणि वाटीत दूध घेऊन आल्या. मी त्यांना उभ्या उभ्या सुनावलं की साप दूध पीत नाही, ही अंधश्रद्धा आहे, त्याने साप मरतात, आणि हातात पत्रक दिलं. काकूंनी ते नीट घडी करून कमरेला खोचलं.

"मंग काय खाते थो?"

"उंदीर."

"खाल्ला?"

"नाही."

"मंग काऊन वो माह्या दुधावर चिडून राह्यली? तुह्या हातचंही तर नाई खात थो."

तेवढ्यात दादाचा फोन आला. तिकीट निघालं होतं. "काय करू, दुकानवाल्याला सांगून ठेवू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, थांब, आणि फोन ठेवून नागपूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना लावला. आमच्या गटाने पकडलेल्या जखमी सापांना तेच बघतात. बोलायला फटकळ आहेत, म्हणून माझं त्यांच्याशी जमतं. मी फोन स्पीकरवर टाकून टाकीचं, फांदीचं, जाळीचं सगळं वर्णन केलं.

"हालचाल?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"लाईन गेली का हालते," मागून आईचा आवाज आला. ती शाळेत गणित शिकवते आणि दिवाणाच्या टोकाशी पेपर तपासत बसते. "काल दुपारी लाईन गेली होती, तवा पूर्ण टाकीत फिरला. लाईन आली अन् बसला पुन्हा कोपऱ्यात."

मग डॉक्टरांनी विचारलं, "टाकी ठेवली कुठं हाय?"

मी सांगितलं.

"ओ मॅडम, थो काय तुमचा जावई हाय का? कूलरसमोर बसवला."

बाबांनी छताकडे पाहिलं.

"थंड अंगाने त्याले पचत नाई, म्हणून थो खातच नाई," डॉक्टर म्हणाले. "अन् ओल्या हवेत कातडी खराब होते ते वेगळं. आता एक काम करा. फोन चालू राहू द्या, जमिनीवर झोपा, टाकीच्या बुडाले डोकं लावा अन् सांगा त्याले काय दिसून राह्यलं."

मी झोपले. कूलरचं घरघरणारं काळं तोंड. वर गरगर फिरणारा पंखा. एका बाजूने बाबांचा भलामोठा चेहरा, दुसऱ्या बाजूने आईच्या लाल पेनाचं टोक. लपायला फांदीची काठी, तीही बोटाएवढी जाड. चारी बाजूंनी उघडं मैदान, आणि ते मी दिलेलं.

"दिसलं?" डॉक्टर म्हणाले. "लहान पिल्लू हाय. त्याले मैदान नोको, बीळ पाहिजे. मोठा झाला का देजा मोठं घर."

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने प्लास्टिकच्या डब्यांची उतरंडच काढली. झाकण चारी बाजूंनी खटके लावून बंद होणारं हवं होतं. मी एकेक डबा उलटा करून हलवत होते, झाकणाच्या फटीत करंगळी घालून पाहत होते.

"लोकं पापड ठेवाले नेतात," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही कायले पाहून राह्यल्या येवढं?"

"साप."

त्याने हातातला डबा अलगद काउंटरवर ठेवला. "मंग हा न्या. याचा खटका मजबूत हाय."

बाबांनी डिंक-कागदापासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळं भरलेली आपली पेटी काढली, सोल्डरिंगची गन तापवली आणि डब्याच्या दोन बाजूंना बारीक भोकं पाडली, रेषेत, जणू फाइलला पंच मारताहेत. दह्याची दोन मातीची मडकी पालथी करून, कडेला एक तुकडा फोडून, एक डब्याच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला ठेवलं. आत शिरल्यावर पाठ टेकेल एवढीच जागा. दोन टोकांना दोन थर्मामीटर. इंटरनेटवरचे तज्ज्ञ सांगत होते की अजगरासाठी तापणारी गादी विकत घ्या. मे महिन्यात, वर्ध्यात. या सल्ल्याचा मी इथे जाहीर निषेध करते. आमचा प्रश्न गरम करण्याचा नव्हता, फार गरम होऊ न देण्याचा होता. म्हणून डबा मधल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या फळीवर गेला. तिथे कूलरची हवा भिंतींना धडकून, दमून, निम्मी होऊन पोचते.

राहिला डब्याचा आरपारपणा. तीन बाजू झाकायच्या होत्या. त्याच फळीवर माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी तीच चिकटवली, मजकूर बाहेरच्या बाजूने. 'साप शोभेची वस्तू नाही' तीनदा आलं. आणि खरंच, आता तो कोणालाच दिसत नव्हता. 'डबीत कोंडलेलं आयुष्य'ही तीनदा आलं. आईने ते वाचलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर तपासायला गेली. तिच्या विद्यार्थ्यांकडेसुद्धा ती असंच बघते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस झाकण उघडायचं नाही, डोकावायचं नाही. मी डोकावले नाही. बाबा डोकावायचे आणि आईला येऊन हळूच सांगायचे, "उजव्या मडक्यात हाय." मग, "आज डाव्या."

शनिवारी दिवेलागणीला मी उंदीर कोमट केला, झाकण एका बाजूने उचललं आणि चिमटा डाव्या मडक्याच्या तोंडाशी धरला. कूलर मुद्दाम बंद केला होता. बाबा घामाने निथळत दारात उभे होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते. मडक्यातून आधी जीभ आली. मग नाक. मग बराच वेळ काहीच नाही. अवघडलेला हात मी जरा सावरला, तसा उंदीरही हलला, आणि पुढच्या क्षणी चिमटा रिकामा होता. मडक्यात उंदराभोवती दोन वेटोळी पडलेली होती.

"घेतला," बाबा कुजबुजले आणि आधी जाऊन कूलर लावला.

दादाचा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते. आईने उचलला. तो काहीतरी दुकानवाल्याचंच विचारत असावा.

"नाई, नाई. जेवला थो," आई म्हणाली. "आता कुठी नाई जात. कागद पाठवून दे, हिच्या नावावर करून घेऊ." मग जरा थांबून म्हणाली, "अन् निघाच्या आधी तूही ये जेवाले. कूलरसमोरची जागा रिकामी हाय. तुहे काकाजी बसले हायत तिथं, पण त्याईले उठवता येते."