अक्काची वेगळी पंगत

माझी आत्या आज सकाळी गेली. तिला मी भर पंगतीत परकी ठरवलं होतं.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून चाललंय, 'कष्टाळू होत्या', 'प्रेमळ होत्या'. होतीच ती. पण माझ्याच्याने ते लिहवेना. आधी हे सांगून टाकते.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. सगळे तिला अक्का म्हणायचे, आम्ही पोरंसुद्धा. शिरपूरला दिली होती. नवऱ्याने दोन वर्षांत चोपड्याला, आमच्या घरी, आणून सोडली, ती कायमची.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. खानदेशातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची मूठ काढायची. त्या गव्हाचं जे रांधायचं, ते रोट. ते फक्त आपल्या कुळाने खायचे. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची, तिला चालत नाहीत.

आणि अक्का तर लग्न झालेली.

तिकडे तिला कोणी नांदवलं नाही, आणि इकडे ती तिकडची.

आठ दिवस घर सारवायची, धुवायची, पाणी भरायची. संध्याकाळी भाऊबंद पुरणपोळी-खिरीवर ताव मारायचे, आणि ही मागच्या पडवीत रॉकेलच्या स्टोव्हवर आपलं वेगळं काहीतरी करायची. तिच्यासाठी बाजारातून काही आणावं, हे कधी कोणाला सुचलं नाही. घरात जे असेल ते. डबे हलवून बघायची. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, कशात किती उरलंय.

साल पंच्याऐंशी असेल. मी अकरा वर्षांची, अंगात नको तेवढी अक्कल.

पंगत बसली होती. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. माझी धाकटी बहीण बेबी, चार वर्षांची. तिने खिरीत बुडवलेला पोळीचा घास वर धरला.

"अक्का, आ कर."

अक्का वाकली. लेकराचं मन कसं मोडायचं? तिने घास घेतला. क्षणभर डोळे मिटले तिने. मला ते दिसलं.

आणि मी ओरडले, "मोठीमाय, अक्कानी रोट खाधा! ती आपला घरनी नही ना?"

सगळे हात थांबले. पप्पांनी मान खाली घातली. अक्का तांब्या ठेवून मागे गेली. चूळ भरल्याचा आवाज आला.

मोठीमाय म्हणजे आमची आजी. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. "हुशार शे पोर."

खरं सांगू? मला त्याच शाबासकीची हाव होती. देवाधर्माचं मला काय कळत होतं, डोंबल!

दुसऱ्या दिवशी अक्काने नेहमीसारख्या माझ्या वेण्या घातल्या. ओढूनसुद्धा घातल्या नाहीत.

पंच्याण्णवला माझं लग्न झालं, धुळ्याला. पहिल्या श्रावणात माहेरी आले. कानबाई बसलेली. सवयीने पंगतीत जाऊन बसले.

मोठीमाय म्हणाली, "ऊठ माय, तुनं कूळ आते दुसरं."

सगळ्यांसमोर उठले. मागच्या पडवीत गेले आणि ढसाढसा रडले.

अक्का तिथे डबे काढून बसली होती. तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "रडू नको वं. तो डबा हालाडी देख, काय शे त्यामा."

मी हलवला. मूठ-दीड मूठ बेसन. दुसऱ्यात थोडे शेंगदाणे. दोन हिरव्या मिरच्या. उन्हाळ्यातले ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, तेही तुटके.

"आपले दोन्हीस्ले भलतं शे," अक्का म्हणाली. दोघींना पुष्कळ आहे म्हणे.

श्रावण, म्हणून कांदा-लसूण नाही. तिने शेंगदाणे कुटले, तिखट घालून रस्सा उकळत ठेवला, भिजवलेल्या बेसनाचे गोळे त्यात सोडले. डुबुकवडे. बिबडे भाजले. दोघी एका ताटात जेवायला बसलो.

मी धीर करून म्हटलं, "अक्का, त्या वर्षी मी..."

"मीठ देख बरं," ती म्हणाली.

मीठ बरोबर होतं. मी मान डोलावली. विषय तिथेच राहिला.

यापेक्षाही वाईट पुढे आहे. त्यानंतर मी रोटाच्या दिवसांत माहेरी जाणंच सोडलं. पंगतीतून उठायला मला लाज वाटायची. अक्का दर वर्षी विचारायची, "येशी ना?" मी म्हणायचे, सुट्टी नाही.

एका ताटात एकदाच जेवलो आम्ही. पुढची सगळी वर्षं मी तिला पुन्हा एकटीला जेवायला लावलं. आधी लहान होते म्हणता येईल. नंतरचं काय?

त्या पंगतीतले काका, चुलतभाऊ इथे आहेत, वाचत असतील. तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते.

अक्का, माझं चुकलं. दोन्ही वेळा चुकलं.

तू आपल्याच घरची होतीस.

तुला माझा वाकून शेवटचा नमस्कार.