उतरते तिथे की निघते तिथे

लिफ्टवाल्या काकांचा कामातला शिरस्ता ठरलेला. लिफ्ट अडकली की ती कुठल्या मजल्यावर आहे हे शोधत जिने चढायचे-उतरायचे नाहीत, थेट वर मोटारच्या खोलीत जायचं. लिफ्ट कुठेही असो, दोर तिथूनच जातो. लेकीच्या भेटीलाही त्यांनी हाच हिशेब लावला.

लेक परदेशात नर्स होती. नव्या नोकरीवर जाताना ती विमान बदलायला अर्धा दिवस या शहरात येणार होती. उतरणार जुन्या विमानतळावर, निघणार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या विमानतळावरून. मधला प्रवास विमान कंपनीच्या बसने. पुढची सुट्टी दोन वर्षांनी, आणि काकूंची नजर तोवर टिकणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. काकूंना तिला एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

"उतरते तिथेच जाऊ हो," काकू म्हणाल्या.

"अगं, तिथे धावपळ होईल. निघते तिथे तिला यावंच लागेल. निवांत बसू."

"लिफ्ट नाहीये ती तुमची!"

"लिफ्टपेक्षा सोपं आहे हे."

नव्या विमानतळावर काकू काचेच्या दारासमोर बसून चष्मा पुसत राहिल्या. मग काकांचा फोन वाजला.

"बाबा, तिकडून सुटणारं विमान रद्द झालं. आम्हाला इथूनच दुसऱ्या विमानाने पाठवतायत. लवकर या ना!"

काकांनी टॅक्सी केली. पुलाच्या तोंडाशी ती जी उभी राहिली, ती हलेचना.

"दुसरा रस्ता नाही का रे?" काकांनी विचारलं.

"आहे की. तोही असाच उभा आहे," ड्रायव्हर म्हणाला. "मला लोक उगाच ड्रायव्हर म्हणतात काका, मी तर दिवसभर नुसता बसून असतो."

एरवी काका हसले असते. अडकलेली लिफ्ट हाताने चाक फिरवून मजल्याला लावता येते. इथे फिरवायला काहीच नव्हतं.

लेकीने पुन्हा फोन केला, या वेळी व्हिडिओ लावून. काकूंनी फोन अगदी नाकापाशी नेला.

"आई, दिसतेय का गं मी?"

"दिसतेस की! हडकलीस मेली."

मग त्यांनी फोन पदराखाली धरला आणि काकांच्या कानाशी लागल्या. "अहो, मला यात नुसता उजेड दिसतोय. कशी आहे ती? सांगा ना."

काकांनी फोन हातात घेतला. "छान आहे."

"छान म्हणजे कशी?"

"केस मागे बांधलेत. आणि..."

"आई, बाबा, आत बोलावतायत. जाते मी," लेक म्हणाली आणि फोन बंद झाला.

"आणि काय?" काकू विचारत होत्या. "डोळ्यांखाली काळं आलंय का? हसत होती का?"

काकांनी तेवढं पाहिलंच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष काकूंकडे होतं.

पुढची गाडी थोडी सरकली. ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, "काका, पुढे घेऊ की इथूनच वळवू?"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.