मानाचा बार

आमच्या घरी काडतुसं भरायचं काम माझ्याकडे होतं. हे सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हातातल्या बांगड्यांकडे. बघू दे. बाबांना मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणी, त्यातली थोरली मी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि जवळचं दिसेनासं झालं, तेव्हा हे काम दुसरं करणार कोण? बंदूक जुनी, दुनळी, बाहेरून दोन घोडे असलेली. परवाना पिकाच्या राखणीचा. साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचा मळा होता, त्यात रताळी, भुईमूग, थोडी वांगी. रानडुकरं एकदा शिरली की वाफेच्या वाफे उकरून ठेवायची. विकतच्या काडतुसांची तर मारामारच. चिखलीचा दुकानदार "आली की निरोप देतो" म्हणायचा आणि निरोप काही यायचा नाही. म्हणून वापरलेली पितळी काडतुसंच आम्ही पुन्हा पुन्हा भरायचो.

बंदूक चालवायचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. भरायची मी, आणि बाजूला बसून हुकूम सोडायचे बाबा. भरायच्या दिवशी दुपारभर घरात चूल पेटायची नाही आणि अंगणात कोणी विडी ओढायची नाही, हा त्यांचा नेम. मायची त्यावरून कटकट ठरलेली, "डुकराईपायी माणसाईनं गार भाकरी खा." बुडाला टोपी बसवायची, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पडते, वर दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग जुन्या घोंगडीची जाड चकती, मग वाटाण्याएवढे शिशाचे छर्रे आणि पुन्हा पुठ्ठा. दारूचा डबा लांब नेऊन ठेवला की मगच परसात निखारे करायचे, लाख वितळवायची आणि काडतुसाचं तोंड बंद करायचं. बाबा प्रत्येक काडतूस तळहातावर घेऊन तोलायचे. "हलकं हाय, खोल," म्हणाले की मी मुकाट्यानं खोलायची. असं करता करता माझ्याही हाताला ते वजन कळायला लागलं होतं.

नवं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, त्या सुमाराच्या एका उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं. मी तोवर मेहकरला सासरी नांदत होते. काडतुसं भरायची असली की बाबा निरोप धाडायचे आणि सासरे हसून म्हणायचे, "जा बाई, बंदुकीनं बलावलं." या वेळी मात्र निरोप लग्नाचा होता आणि काडतुसांचाही. व्याही चिखलीकडचे, चांगले सधन. माणूस मनानं सरळ, पण मानाला फार जपणारा. त्यांनी सुपारीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं की शिवेवर बंदुकीचे तीन बार झाल्याशिवाय आमचा नवरदेव गाडीतून पाय खाली ठेवत नाही. पहिला बार गाड्या दिसल्यावर, आणि व्याही व्याही भेटले की उरलेले दोन लागोपाठ. काका लगेच म्हणाले, "तीन कायले, पाच काढतो." त्यांना असल्या गोष्टींची भारी हौस, पण बाबांनी तीनच ठरवले.

मानाच्या बारात छर्रे घालत नाहीत. दारू, चकती आणि वर गव्हाचा कोंडा दाबून भरायचा, म्हणजे आवाज दणदणीत आणि धोका काही नाही. मी ती काडतुसं मेणबत्तीच्या पांढऱ्या मेणानं बंद केली. डुकरांसाठी आधी भरलेली चार घरात शिल्लक होती, ती लाल लाखेची. लाल म्हणजे छर्ऱ्याचं, पांढरं म्हणजे मानाचं. पांढरी काकांच्या पट्ट्यात खोचली आणि लाल थैलीत घालून माजघरातल्या कोनाड्यात ठेवली. आता यात कोणी काय घोळ घालणार?

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. मागं एका लग्नात काकांनी बार आभाळाकडे काढला होता. पेटती चकती उडाली ती थेट कडब्याच्या गंजीवर, आणि पानावर बसलेलं वऱ्हाड उठून विहिरीवरून पाणी वाहत सुटलं. तेव्हापासून काका मानाचा बार गावाकडे पाठ करून, नळी सरळ धरून, ओढ्याच्या मोकळ्या अंगाला काढायचे. नुसत्या कोंड्यानं कोणाचं काय वाकडं होणार?

मुहूर्त गोरजाचा होता. ऊन कलायला लागलं तशी शिवेकडून डफडी ऐकू आली. बाबा आणि काका केव्हाच तिकडे गेले होते. घर पाहुण्यांच्या पोरांनी भरलेलं, कोणी फडताळावर चढतंय, कोणी कोनाडे चाचपतंय. म्हटलं, ती थैली पेटीत घालून कुलूप लावावं. थैली हातात घेतली तर रिकामी.

माय आरतीचं ताट लावत होती. मी विचारलं, "माय, यातले काडतुसं कुठी गेले?"

"कुठी जातीन? पट्ट्यात घातले," ती ताटावरची नजर न काढता म्हणाली. "सकाळी मुसळाची पूजा केली, जात्याची केली, म्हनलं बंदुकीचीबी करा. मंग काडतुसाईनं काय पाप केलं? सारे सुपात मांडले अन् तेलात कुंकू कालवून तोंडाले लावलं. काई पांढरे, काई लाल, कसेतरीच दिसत होते. आता सारे एकसारखे झाले. लय साजरे दिसून राह्यले होते."

सगळा पट्टा लाल. त्यात चार काडतुसं अशी, की एकेक डुक्कर आडवं पाडेल. आणि पट्टा मी भरलेला, म्हणून काका रंग बघायच्या फंदात पडणार नाहीत.

तेवढ्यात शिवेवर पहिला बार झाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. डफडी थांबतात का, कोणी बाई किंचाळते का, एवढंच ऐकत होते. डफडी वाजत राहिली. म्हणजे हा कोंड्याचा निघाला. पण दोन बाकी होते, आणि व्याह्यांची गळाभेट व्हायला वेळ तो किती लागणार? मी लुगडं वर खोचलं आणि पळत सुटले.

अनवाणीच पळत होते. फुफाटा तापलेला, पण पाय भाजल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. पारावरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "नवरीची बहीन काऊन अशी पळून राह्यली?" मी म्हणत होते, देवा, काकांना नेमका आज तंबाखूचा बार भरायची तल्लफ येऊ दे, उचकी लागू दे, काहीही होऊ दे. मारुतीच्या देवळावरून वळले आणि समोर शीव दिसली.

सावली म्हणून व्याह्यांच्या गाड्या ओढ्याच्या अंगाला, बाभळींखाली सोडल्या होत्या. सगळ्यांत पुढं नवरदेवाची छपराची दमणी. तिच्यात बाशिंग बांधलेला नवरदेव, आणि त्याला लागून त्याची आई, मांडीवर नात घेऊन. आणि काका नेहमीप्रमाणे गावाकडे पाठ करून उभे होते. कोंड्याच्या बारापुढं गाडी असली काय आणि नसली काय, त्यांनी तिकडे बघितलंही नसेल.

"काका, थांबा. काका, नोका," मी ओरडत होते. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, एवढी डफडी वाजत होती. काकांनी तर बार काढताना कानात कापूस घालायची सवय ठेवली होती. बाबा आणि व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. काकांनी बंदूक खांद्याला लावली आणि उजवा घोडा मागं ओढला.

काय करायचं याचा मी विचार केला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी त्यांच्या बाजूला पोचले तेव्हा मला फक्त तो उभा घोडा दिसला आणि त्याच्या पुढची बोटभर मोकळी जागा. त्या जागेत मी अंगठा घातला. घोडा पडला.

आवाज झाला नाही. नख मधोमध फुटलं आणि रक्त बंदुकीच्या दस्त्यावरून काकांच्या पांढऱ्या बाहीवर आलं. काकांनी वळून बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या कानशिलात एक ठेवून दिली. साऱ्या वऱ्हाडासमोर, लग्न झालेल्या पुतणीला. डफडी आपोआप बंद पडली.

आता व्याह्यांचा पारा चढला. "हा काय तमाशा लावला?" ते बाबांना म्हणाले. "आमच्या मानाचा बार एका बाईनं अडवला? अन् वरतून मुहूर्ताले रक्त सांडलं. गाड्या जुपा रे." त्यांची दोन माणसं खरंच बैलांकडे निघाली. धाकटी घरात हळदीच्या अंगानं बसलेली, आणि इकडे नवरदेव परत निघाला होता. मला सांगायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून मी काकांच्या हातातून बंदूक ओढली, डाव्या हातानं उघडली आणि दोन्ही काडतुसं काढली. डाव्या नळीतलं हलकं होतं. उजव्या नळीतलं हाताला जड लागलं.

ते मी बाबांच्या तळहातावर ठेवलं. माझा चेहरा त्यांना धड दिसत नव्हता, कुंकू तर नाहीच नाही. त्यांनी ते काडतूस एकदा तोललं, पुन्हा तोललं.

"इवाई, थांबा," बाबा व्याह्यांना म्हणाले. "सगळ्याईनं आधी बिड्या इझवा. अन् तुमचा हात पुढं करा."

बाबांनी खिशातला चाकू काढला. काडतुसाच्या तोंडावरची लाख कुरतडली, पुठ्ठा उचकटला आणि काडतूस व्याह्यांच्या हातावर उपडं केलं. छर्रे एकामागून एक त्यांच्या तळहातावर पडले.

व्याह्यांनी छर्ऱ्यांकडे बघितलं. मग काका उभे होते ती जागा बघितली, बंदुकीची नळी जिकडे होती तिकडे मान वळवली. दमणीत त्यांची बायको पदरानं नातीला वारा घालत होती, आणि एवढा वेळ कशाला लागतोय म्हणून कपाळाला आठ्या घालून इकडेच बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. व्याही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ मिटली आणि मिटलेली मूठ कोटाच्या खिशात घातली.

त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, "पन बार त एकच झाला. दोन कुठी झाले?"

"म्या आयकले," व्याही म्हणाले. "तीनबी आयकले. चला, गाड्या आत घ्या."

त्या माणसाबद्दल पुढं कोणी माझ्यासमोर वाकडं बोललं की मी त्याला तिथंच गप्प करते. त्यांनी माझ्या धाकटीचं लग्न मोडू दिलं नाही, आणि आमच्या घराची लाजही चारचौघांत निघू दिली नाही. मायला कोणी काही सांगितलं नाही. मीही नाही.

वऱ्हाड मांडवात गेलं. मी पट्टा घेऊन परसात गेले आणि उरलेली सगळी काडतुसं, कोंड्याची आणि छर्ऱ्याची, न निवडता ढोरांच्या हौदात सोडली. मग बसले. अंगठा ठणकत होता. मला मायचा राग आला होता, काकांचा आला होता, त्या मानाचा तर एवढा आला होता की तो माणूस होऊन समोर आला असता तर ओरबाडलं असतं. आणि राग थोडा ओसरला तशी भीती वर आली. सगळं होऊन गेल्यावर ती आली, आणि अशी आली की दात वाजायला लागले.

काका परसात आले. मला वाटलं, अजून काही सुनावायचं राहिलं असेल. जन्मात कुठल्या बाईपुढं ते नमतं बोलले नव्हते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. कानातला कापूस तसाच होता. बाहीवरचं माझं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"म्या चाप वढला होता, बाई," ते म्हणाले.

"मले मालूम हाय, काका."

"तसं नाई. म्या तो वढला. पुरा वढला." त्यांनी उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. ते बोट थरथरत होतं, आणि थोड्या वेळानं पूर्ण हात थरथरायला लागला. मी तो हात दोन्ही हातांनी धरला. मलाही धड धरता येत नव्हता.

मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. एक पोरगं घाईघाईनं परसात येऊन आमच्या दोघांच्याही मुठीत अक्षता कोंबून गेलं, त्या घामानं भिजून हाताला चिकटल्या. "सावधान" ऐकू येत होतं. माय माझ्या नावानं हाका मारत होती, मग कोणीतरी काकांच्या नावानं. मी उठायला गेले तर पाय उभे राहीनात. काकांनी भिंतीला हात लावून एकदा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, आणि धाकटीच्या डोक्यावर सगळ्या गावाच्या अक्षता पडल्या. आमच्या दोघांच्या पडल्या नाहीत.