वहीतले नऊ किलो

लेकराला काट्यावर घातलं की ते वाळतं, असं जाफराबादकडच्या त्या गावातल्या सगळ्या बाया एकजात मानायच्या. आणि आम्ही चार कॉलेजच्या पोरी दर रविवारी जालन्याहून एस.टी.नं तिथं जायचो ते नेमकं लेकरांचं वजन करायला. पाच वर्षांखालची मुलं काय खातात, किती वाढतात, याची वही भरायचं काम आमच्या प्राध्यापक बाईंनी अंगावर घेतलं होतं. दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. जुन्या जालन्यातल्या एका अडत्याकडून बाईंनी मोठा तराजू मागून आणला, शाळेपुढच्या लिंबाला टांगला आणि एका पारड्याच्या जागी झोळी बांधली. पहिल्या रविवारी त्या झोळीत एक लेकरू आलं असेल तर शपथ.

दुसऱ्या रविवारी एका म्हातारीनं तोड काढली. "आमच्या लेकरायकडं बघता, मंग आधी तुम्ही बसा. नजर लागायची तर सगळ्यायला बराबर लागू द्या."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. चौघींत मीच हलकी, म्हणून बळीचा बकरा मी. गुडघे पोटाशी घेऊन झोळीत बसले. समोरच्या पारड्यात अर्धं पोतं ज्वारी ठेवली, तर मी आपली वरच्या वर.

"ही तर सोताच वाळून राह्यली, आन् आमचे लेकरं मोजायला आली," म्हातारी म्हणाली. सगळं गाव हसलं. मला राग आला, पण त्या दिवसापासून आधी आमचं वजन आणि मग मुलांचं, असा रिवाजच पडला.

त्या म्हातारीची सून माझ्याच वयाची होती. दुपारी मी तिच्याकडंच भाकरी खायची. माझी ढिली वेणी सोडून ती घट्ट घालून द्यायची आणि कॉलेजात पोरी खरंच पोरांशेजारी बसतात का, ते खोदून खोदून विचारायची. माझा तिच्यावर फार जीव होता. तिची मुलगी दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती, आणि तिला मात्र ती काट्याकडं आणायचं नाव घेत नव्हती. एका रविवारी बाई मास्तरांच्या घरी चहाला गेल्या, बाया पांगल्या, तेव्हा ती पदराखाली मुलीला घेऊन आली. मुलगी साडेसहा किलो भरली.

"ताई, एवढं कमी लिहू नका," ती म्हणाली. "सासूबाई म्हणून राह्यल्या, माझ्या दुधातच कस न्हाई. हा आकडा कळला तर मला माहेरी धाडतील."

मी नऊ किलो लिहिले. मैत्रिणीवर मोठे उपकार केल्याच्या आनंदात जालन्यापर्यंत गुणगुणत आले.

पुढं परीक्षा आली आणि महिनाभर गावाकडं जाणं झालं नाही. पुन्हा गेलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर सुकडी वाटणं चालू होतं. बाईंच्या खटपटीनं तालुक्याहून अशक्त मुलांसाठी ती महिनाभर रोज येत होती, आणि कोणाला द्यायची ती यादी आमच्याच वहीतून उतरवली होती. मुलं वाट्या चाटत बसली होती. म्हातारीची सून मुलीला कडेवर घेऊन लांब उभी होती.

"आमचं नाव न्हाई म्हणे," ती मला म्हणाली. "कशानं न्हाई, काय माहीत."

कशानं, ते मला माहीत होतं. मी तिला तिथंच सगळं सांगितलं आणि रडायला लागले.

तिनं मला रडू दिलं नाही. "ते मंग. आधी चला." ती थेट लिंबाखाली गेली. सासू तिथंच बसलेली, भोवती निम्मं गाव. सुनेनं स्वतः मुलीला झोळीत ठेवलं. "वाचा, ताई. मोठ्यानं."

मी वाचलं. मुलगी सहाच्याही आत आली होती. बाईंनी वही पुढं केली. मी नऊ खोडले आणि खोटं लिहिल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं.

"मीच म्हणले व्हते त्यायला," ती सासूकडं बघत म्हणाली. "तुमच्या भेवानं."

म्हातारी मग उठली, ओट्यावरून वाटी घेऊन आली, नातीला झोळीतून काढून मांडीवर घेऊन बसली आणि बोटानं सुकडी भरवायला लागली. "हिचं नाव पयलं घाला," ती बाईंना म्हणाली. सुनेला माहेरी धाडायचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

सून माझ्याशेजारी येऊन बसली. "ताई, तुम्ही मला जपलं," ती हळूच म्हणाली. "लेकराला जपायचं राह्यलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती मुलगी भिंतीला धरून उभी राहिली. गावभर कौतुक झालं, मीही तिला उचलून नाचवलं. पण त्याआधीचा एक महिना माझ्या त्या नऊ किलोंपायी तिला उपाशी काढावा लागला होता.