योसेफाचे दोन बाप

ताज्या रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास आला की लोकांना नव्या घराची स्वप्ने पडतात. मला मात्र वंशावळ आठवते आणि तोंड कडू होते. उदारीकरणाच्या पहिल्या बहरात काकांनी, म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाने, सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली आणि गुडगावात फ्लॅट घेतला. कालपर्यंत जिथे मोहरी पिवळी होत होती, तिथे सातव्या मजल्यावरून काका आम्हाला क्षितिज दाखवू लागले! गंमत पाहा, ज्या भूमीचा भूतकाळ नुकताच विकला गेला, तिथेच माणसांना पूर्वजांची केवढी तहान लागते! गृहार्पणाच्या प्रार्थनेआधी बैठकीच्या भिंतीवर घराण्याची वंशावळ लागलीच पाहिजे, असे काकांनी ठरवले.

ती लिहायची कोणी? दिल्लीत वाढलेल्या आमच्या पिढीत मराठी धड वाचणारेच दुर्मीळ, वळणदार लिहिणारी मी एकटी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पप्पांनी रोज संध्याकाळी माझ्याकडून शास्त्रातले, म्हणजे मराठी बायबलातले, एक पान उतरवून घेतले होते, त्याचे हे फळ. काकांनी कच्चा कागद माझ्या हाती दिला. पणजोबा, आजोबा, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, काकांची दोन मुले. पप्पा आणि मम्मी यांच्या नावांखाली काहीच नव्हते.

पाच महिन्यांची असताना त्यांनी मला घरी आणले. ख्रिस्ती माणसाला तेव्हा कायद्याने दत्तक घेता येत नसे. कोर्टाच्या कागदावर पप्पा माझे पालक होते, बाप नव्हते. “अगं, हे ब्लडलाइनचं आहे, यार,” काका म्हणाले, “बिल्कुल मनावर घेऊ नकोस. तू तर आमचीच आहेस.” मी पप्पांकडे पाहिले. ते कागदाकडे पाहत होते. “लिही बाळा,” ते म्हणाले, “तुझं अक्षर छान आहे.”

आठ दिवस मी रेघा आखत होते आणि मनात दुसऱ्याच, येशूच्या, वंशावळी फिरत होत्या. लहानपणी शास्त्र उतरवताना मी अडले होते. शुभवर्तमानात मत्तय सांगतो, मरीयेचा नवरा योसेफ, त्याचा बाप याकोब; लूक सांगतो, एली. एका माणसाला दोन बाप कसे? पप्पांनी समजावले होते: यहुद्यांच्या रीतीने भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करायचे, आणि पहिले मूल मृताच्या नावावर लागायचे, म्हणून एक बाप रक्ताचा, एक कायद्याचा. कुणी असेही म्हणतात की लुकाची यादी ही मरीयेच्या माहेरची. पण किती सांधले तरी दावीद राजानंतरची बहुतेक नावे जुळत नाहीत ती नाहीतच. आणि मत्तय तर चौदा-चौदा पिढ्यांचा मेळ बसवायला मधले राजेच गाळून टाकतो. राजे गाळले जातात, तिथे माझी काय कथा! पण याच मत्तयाने राहाबेसारख्या वेश्येला आणि रूथेसारख्या परकीला मानाने आत घेतले आहे. वंशावळीत कोण जन्मले यापेक्षा लिहिणाऱ्याला कोण हवे होते, हेच अधिक दिसते.

पप्पांचे त्या दिवशीचे शेवटचे वाक्य मी जन्मभर उशाशी घेऊन निजले. “बघ,” ते म्हणाले होते, “दोन्ही याद्या योसेफापाशीच येतात. आणि योसेफ तर रक्ताचा बाप नव्हताच! तरी एवढी सगळी नावं त्याने त्या पोराला दिली. मीही तसाच.” लूक तर आधीच सांगून टाकतो की लोक येशूला योसेफाचा पुत्र समजत, आणि तरीही न संकोचता थेट आदामापर्यंत चढत जातो. देवाच्या पुत्राला जे चालले, ते गुडगावच्या सातव्या मजल्याला चालू नये?

मी नाही म्हणू शकले असते. पण घरात आणलेल्या मुलीला कृतघ्न ठरण्याची भीती जन्मभर पुरते. माझे नाव मी घुसडूही शकले असते; चार बोटे जागा मोकळी होती. पण ते मला चोरून नको होते. पप्पांनी एकदा म्हणावे, एवढीच माझी आस होती. ते रोज माझ्यापाशी येत, चष्मा लावून कागद न्याहाळत. एकदा म्हणाले, “आजोबांखालची रेघ जरा वाकडी आहे गं.” मी ती सरळ केली. शेवटच्या दिवशी मी विचारलेच, “पप्पा, अजून काही राहिलंय का?” धाकट्या भावाची मर्जी, नवे घर, चार पाहुणे, यातले काय त्यांच्या मनात आले कोण जाणे! “नाही,” ते म्हणाले, “सगळं बरोबर आहे.”

गृहार्पण झाले, गरम सामोसे फिरले, पाहुणे भिंतीपाशी जमले. चर्चच्या पाळकांनी जवळ जाऊन एकेक नाव वाचले. “वा, किती सुबक! कोणी लिहिलं हे?”

पप्पांचा चेहरा उजळला. स्वतःच्या नावाखालच्या त्या कोऱ्या जागेपाशी उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा अभिमानाने ते म्हणाले, “माझ्या मुलीने!”

ते खोटे बोलत नव्हते; हेच मला आजही सोसवत नाही.